श्रमिकांची कैवारी : मेरी टेरेसा नॉर्टन (१८७५-१९५९)

कारखान्यात राबणाऱ्या माणसाला तासाला अमुक इतकी मजुरी मिळालीच पाहिजे, आठवड्याचे ठरलेले तास उलटल्यानंतर त्याने केलेल्या कामाचा मोबदला दीडपट असला पाहिजे, आणि सोळा वर्षांखालील लेकराला यंत्रापुढे उभे करता कामा नये, ही तत्त्वे अमेरिकेच्या संघराज्याने १९३८ साली कायद्याच्या स्वरूपात स्वीकारली. ह्या कायद्याचे श्रेय बहुधा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांना दिले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु प्रतिनिधिगृहात हे विधेयक दोनदा अडविले गेले असता ज्या व्यक्तीने ते पुन्हा पुन्हा उचलून धरले, ती व्यक्ती म्हणजे न्यू जर्सी राज्यातील एक कॅथलिक भगिनी, मेरी टेरेसा नॉर्टन. त्यांच्या हयातीत त्यांचे नाव वृत्तपत्रांतून वरचेवर झळकत असे. आज त्यांच्या स्वतःच्या देशातही अनेकांना ते ठाऊक नाही. म्हणूनच त्यांच्या जीवनाचा परिचय आम्ही वाचकांना करून देत आहोत.

बालपण आणि कौटुंबिक दुःख

हडसन नदीच्या एका तीरावर न्यू यॉर्क महानगर आहे आणि समोरच्या तीरावर जर्सी सिटी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्सी सिटी हे रेल्वेची यार्डे, गोद्या आणि साबण-पेन्सिलींचे कारखाने ह्यांनी गजबजलेले शहर होते. आयर्लंडमधून आलेली असंख्य कॅथलिक कुटुंबे तेथे स्थायिक झाली होती. अशाच एका आयरिश कुटुंबात ७ मार्च १८७५ रोजी मेरी टेरेसा हॉपकिन्स ह्यांचा जन्म झाला. आईचे छत्र लवकर हरपले. तरुण वयात त्यांनी न्यू यॉर्क येथे व्यावसायिक शिक्षण घेतले आणि लघुलेखिका म्हणून नोकरी केली. महिनाअखेरीस हाती पडणाऱ्या पगारावर घर चालविणे म्हणजे काय, हे त्यांना ऐकून नव्हे, तर अनुभवाने ठाऊक होते.

१९०९ साली त्यांचा विवाह रॉबर्ट नॉर्टन ह्यांच्याशी झाला. त्या वेळी त्यांचे वय चौतीस होते. पुढच्याच वर्षी त्यांना पुत्ररत्न झाले, परंतु ते बाळ जेमतेम एक आठवडा जगले. पुन्हा मातृत्व लाभणार नाही, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले. एका स्त्रीच्या जीवनात ह्याहून मोठा आघात कोणता असू शकेल? त्या दुःखातून सावरण्यासाठी त्यांनी जर्सी सिटीतील एका पाळणाघराच्या कामात स्वतःला गुंतवून घेतले.

हे पाळणाघर म्हणजे श्रीमंतांच्या मुलांचे विरंगुळ्याचे ठिकाण नव्हते. ज्या माता सकाळी कारखान्यात वा दुसऱ्याच्या घरी कामाला जात, त्यांची लेकरे दिवसभर येथे सांभाळली जात. कोणी विधवा होती, कोणाचा पती आजारी होता, कोणाच्या पतीच्या मजुरीत घर भागत नव्हते. आईला घरी बसून मुले सांभाळा असे सांगणे सोपे होते, परंतु ती घरी बसली तर मुलांच्या ताटात काय वाढणार, हा प्रश्न होता. नॉर्टन ह्यांनी ह्या मातांना उपदेश केला नाही. त्यांनी त्यांची मुले मांडीवर घेतली आणि पाळणाघराचे हिशेब सांभाळले. १९१६ च्या सुमारास त्या पाळणाघरांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.

राजकारणात पदार्पण

दानधर्मावर चालणाऱ्या संस्थेपुढे जी अडचण नेहमी उभी असते, तीच येथेही होती. मुले वाढत होती आणि पैसे अपुरे पडत होते. नगरपालिकेने साहाय्य करावे ह्या मागणीसाठी नॉर्टन ह्यांनी जर्सी सिटीचे महापौर फ्रँक हेग ह्यांची भेट घेतली. त्या भेटीने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

१९२० साली अमेरिकेतील स्त्रियांना मतदानाचा अधिकार देणारी घटनादुरुस्ती संमत झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचे धूर्त पुढारी असलेल्या हेग ह्यांना स्त्रियांची मते संघटित करील अशी कर्तबगार भगिनी हवी होती. त्यांनी नॉर्टन ह्यांना पक्षाच्या राज्य समितीवर येण्याचा आग्रह केला. आपल्याला राजकारणातले काही कळत नाही, असे नॉर्टन ह्यांनी प्रांजळपणे सांगितले. मताधिकारासाठी लढणाऱ्या चळवळीतही त्या नव्हत्या. परंतु हेग ह्यांनी ते मनावर घेतले नाही आणि नॉर्टन ह्यांनी अखेर होकार दिला.

काही वर्षांतच त्या हडसन काउंटीच्या शासकीय मंडळावर निवडून आल्या. न्यू जर्सीत अशा मंडळावर निवडून आलेल्या त्या पहिल्याच स्त्री होत. तेथे त्यांनी सार्वजनिक खर्चाने प्रसूतिगृह उभारण्याची मागणी लावून धरली. १९३१ साली जर्सी सिटीत सुरू झालेले मार्गारेट हेग प्रसूतिगृह हे त्या प्रयत्नांचे फळ होय. ज्या मातेने स्वतःचे बाळ आठवड्यात गमावले, तिने इतर मातांसाठी आणि नवजात बालकांसाठी रुग्णालयाचा आग्रह धरावा, ह्यातील संगती वाचकांच्या सहज ध्यानी येईल.

१९२४ च्या निवडणुकीत त्या अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेल्या. जेनेट रँकिन ह्या तेथे पोहोचलेल्या पहिल्या स्त्रीला तोवर केवळ सात-आठ वर्षे झाली होती. डेमोक्रॅटिक पक्षाकडून प्रतिनिधिगृहात गेलेल्या नॉर्टन ह्या पहिल्या स्त्री होत. त्या काळी दिवंगत पतीच्या रिक्त जागी पत्नीला निवडून देण्याची प्रथा रूढ होऊ लागली होती. नॉर्टन ह्यांचे पती मात्र हयात होते, आणि त्यांनी ही जागा स्वतःच्या कार्यावर मिळविली. ४ मार्च १९२५ रोजी त्यांची कारकीर्द सुरू झाली आणि ती सलग तेरा निवडणुका जिंकून १९५१ च्या आरंभापर्यंत चालली.

राजधानीची काळजीवाहक

१९३१ च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत झाले आणि नॉर्टन ह्यांच्याकडे कोलंबिया जिल्हा समितीचे प्रमुखपद आले. त्या पक्षातून समितीप्रमुख झालेल्या त्या पहिल्याच स्त्री. ही समिती म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. वॉशिंग्टन ह्या राजधानीच्या शहरात त्या वेळी सुमारे पाच लाख लोक राहत होते, परंतु त्यांना स्वतःचा महापौर निवडण्याचा अधिकार नव्हता. शहराचे कायदे आणि अंदाजपत्रक संसदच ठरवीत असे. त्यामुळे ह्या समितीचा प्रमुख हाच जणू शहराचा महापौर मानला जाई. रस्ते, कर, मद्याचे परवाने, रुग्णालये अशा शेकडो गाऱ्हाण्यांचा ओघ नॉर्टन ह्यांच्या कचेरीत येई.

हे काम प्रतिष्ठेचे नव्हते. तेथे केलेल्या कामाचा आपल्या मतदारसंघात एकही मत मिळविण्यास उपयोग नव्हता, म्हणून अनेक सभासद ह्या समितीपासून दूर राहत. नॉर्टन ह्यांनी मात्र ते मनापासून केले. राजधानीत क्षयरोग्यांसाठी रुग्णालय व्हावे, गलिच्छ वस्त्यांच्या जागी नीट घरे व्हावीत, वृद्धांना निवृत्तिवेतन मिळावे ह्यासाठी त्या झटल्या. शहरवासीयांना स्वशासनाचा अधिकार मिळावा असे त्यांचे मत होते. तो अधिकार पुढे १९७३ च्या कायद्याने अंशतः मिळाला.

ह्याच काळात, १९३४ साली, त्यांच्या पतीचे निधन झाले. त्यांनी काम थांबविले नाही.

किमान वेतनाचा लढा

१९३७ च्या जून महिन्यात श्रम समितीचे प्रमुख विल्यम कॉनेरी ह्यांचे आकस्मिक निधन झाले आणि ज्येष्ठतेच्या नियमानुसार ते पद नॉर्टन ह्यांच्याकडे आले. तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या. कामाचे तास आणि मजुरी ह्यांविषयीचे विधेयक समितीपुढे होते. एका स्त्रीच्या नेतृत्वाखाली काम करणे काही सहकाऱ्यांच्या पचनी पडत नव्हते. बाहेर तर विरोधकांची मोठी फळीच उभी होती.

हा विरोध कोणाचा होता? दक्षिणेकडील कापडगिरण्या आणि लाकूडकारखाने ह्यांचे मालक स्वस्त मजुरांवर चालत होते. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मजुरांना एकच किमान मजुरी द्यावी लागेल, हे दक्षिणेतील अनेक प्रतिनिधींना रुचत नव्हते. कामगारांची सर्वांत मोठी जुनी संघटनाही साशंक होती, कारण किमान मजुरी ठरली की तीच कमाल मजुरी होऊन बसेल, असे तिला वाटे.

सिनेटने विधेयक १९३७ च्या जुलैअखेरीस संमत केले, परंतु प्रतिनिधिगृहाच्या नियम समितीने ते रोखून धरले. कोणते विधेयक केव्हा चर्चेला घ्यावयाचे हे ही समिती ठरवी, आणि तिने दार लावले की विधेयक बाहेरच राहत असे. हे दार उघडण्याचा एकच मार्ग होता. सभागृहाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे २१८ सभासदांनी एका अर्जावर सह्या केल्या, तर समितीला डावलून विधेयक सभागृहापुढे आणता येई. नॉर्टन ह्यांनी एकेका सभासदाचे मन वळवून डिसेंबर महिन्यात त्या सह्या मिळविल्या. विधेयक सभागृहात आले खरे, परंतु १७ डिसेंबर १९३७ रोजी २१६ विरुद्ध १९८ मतांनी ते पुन्हा समितीकडे परत पाठविण्यात आले. अनेकांच्या दृष्टीने विधेयकाचा अंत झाला होता.

नॉर्टन ह्यांनी पराभव स्वीकारला नाही. विधेयकाचा नवा मसुदा तयार करण्यात आला आणि तो अधिक साधा व सुटसुटीत झाला. १९३८ च्या एप्रिलमध्ये नियम समितीने त्यालाही अडविले. मात्र मे महिन्याच्या आरंभी फ्लोरिडा राज्यातील पक्षांतर्गत निवडणुकीत ह्या विधेयकाचे समर्थक क्लॉड पेपर विजयी झाले. दक्षिणेतील सामान्य मतदाराला हा कायदा हवा आहे, हे त्यामुळे सर्वांना कळून चुकले. तीनच दिवसांनी, ६ मे रोजी, नॉर्टन ह्यांनी दुसऱ्यांदा अर्ज मांडला. सही करण्यासाठी सभासदांची रांग लागली आणि दोन तास वीस मिनिटांत २१८ सह्या पूर्ण झाल्या. २४ मे रोजी ३१४ विरुद्ध ९७ अशा भरघोस मतांनी विधेयक संमत झाले आणि २५ जून १९३८ रोजी राष्ट्राध्यक्षांनी त्यावर स्वाक्षरी केली.

आरंभी किमान मजुरी तासाला २५ सेंट आणि आठवड्याची मर्यादा ४४ तास होती. मजुरी टप्प्याटप्प्याने ४० सेंटवर जावी आणि तास ४० वर यावेत, अशी तरतूद होती. १९४१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. त्याच न्यायालयाने १९१८ साली बालमजुरीविरोधी कायदा रद्द केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या निर्णयाचे मोल कळते.

श्रद्धा आणि सामाजिक न्याय

पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली श्रमिकांच्या स्थितीविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले, तेव्हा मेरी हॉपकिन्स सोळा वर्षांच्या होत्या. मजुराने नाइलाजास्तव कितीही अल्प मजुरी मान्य केली, तरी काटकसरीने राहणाऱ्या कुटुंबाचे भागेल इतकी मजुरी हा न्यायाचा भाग आहे, अशी शिकवण त्यात होती. अमेरिकेत फादर जॉन रायन ह्यांनी १९०६ साली जीवनवेतनावर ग्रंथ लिहून हा विचार अर्थशास्त्राच्या भाषेत मांडला. तेथील ख्रिस्तसभेत सर्वांचे एकमत होते असे मात्र नाही. बालमजुरीवर बंदी घालण्याचा अधिकार संघराज्याला देणारी घटनादुरुस्ती १९२४ साली पुढे आली, तेव्हा फादर रायन तिच्या बाजूने उभे राहिले, तर बॉस्टनचे कार्डिनल ओकॉनेल ह्यांनी तिला कडाडून विरोध केला. पालकांच्या अधिकारावर शासनाचे अतिक्रमण होईल, अशी त्यांना भीती वाटत होती.

नॉर्टन ह्यांची वाट पाळणाघरातून निघाली होती. दयेने एका लेकराला दिवसभर सांभाळता येते, परंतु त्याच्या आईच्या मजुरीचा प्रश्न दयेने सुटत नाही. त्यासाठी न्याय लागतो, आणि न्याय टिकावा म्हणून कायदा लागतो. नॉर्टन ह्यांच्या सगळ्या कारकिर्दीचे सार आम्हाला ह्या एका गोष्टीत दिसते.

दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी स्त्रिया कारखान्यांत दाखल झाल्या, तेव्हा शासकीय निधीतून पाळणाघरे चालविण्यासाठी नॉर्टन ह्यांनी सभागृहातील भगिनी सभासदांना एकत्र आणले. युद्ध संपल्यावरही ती चालू राहावीत असा त्यांचा आग्रह होता, पण तो मान्य झाला नाही. समान कामाला समान वेतन मिळावे ही मागणी त्यांनी केली. नोकरीत वर्णभेद होऊ नये म्हणून नेमलेली युद्धकालीन समिती कायमस्वरूपी व्हावी, ह्यासाठी त्यांनी सह्यांच्या अर्जाचा तोच जुना मार्ग अनुसरला. ह्या वेळी पुरेशा सह्या जमल्या नाहीत आणि १९४६ साली ती समिती गुंडाळली गेली. तसा कायदा होण्यास १९६४ साल उजाडावे लागले.

त्यांची काही मते त्या काळच्या स्त्री-चळवळीशी जुळणारी नव्हती. संततिनियमनाच्या माहितीवरील निर्बंध सैल करणाऱ्या विधेयकाला त्यांनी १९३१ साली आपल्या श्रद्धेला अनुसरून विरोध केला. स्त्री-पुरुष समानतेच्या घटनादुरुस्तीलाही त्या प्रतिकूल होत्या, कारण तिच्यामुळे कष्टकरी स्त्रियांना संरक्षण देणारे कायदे रद्द होतील असे त्यांना वाटे. त्याच वेळी सभागृहात आपल्याला कोणी स्त्री म्हणून वेगळी वागणूक द्यावी, हेही त्यांना खपत नसे.

उणिवांची नोंद

थोर व्यक्तींचे चरित्र सांगताना केवळ गुणगान करणे हा त्यांचाही सन्मान नव्हे. १९३८ च्या कायद्याच्या कक्षेत देशातील जेमतेम एक-पंचमांश कामगार येत होते. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यातून वगळल्या गेल्या. ज्या घरकामगार मातांच्या लेकरांपासून नॉर्टन ह्यांच्या कार्याला आरंभ झाला, त्यांनाच कायद्याने बाहेर ठेवले. ह्याशिवाय दक्षिणेची मते मिळणे शक्य नव्हते आणि कायदा झालाच नसता, असे म्हणता येते. परंतु ती किंमत कोणी मोजली, हे विसरता येत नाही. शेतमजुरांना १९६६ साली आणि घरकामगारांना १९७४ साली, तेही हळूहळू, ह्या कायद्याचा आधार मिळाला.

दुसरी गोष्ट फ्रँक हेग ह्यांची. त्यांनी जर्सी सिटीवर तीस वर्षे एकछत्री अंमल गाजविला. पगारदारांकडून पक्षासाठी पैसे वसूल करणे, विरोधकांना पोलिसांकरवी दडपणे ह्यासाठी ते कुप्रसिद्ध होते. नॉर्टन वॉशिंग्टनमध्ये श्रमिकांसाठी झगडत होत्या, नेमक्या त्याच महिन्यांत हेग आपल्या शहरात कामगार संघटकांच्या सभांवर बंदी घालीत होते. १९३९ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्याबाबत हेग ह्यांच्या विरोधात निर्णय दिला. तरीही नॉर्टन ह्यांनी त्यांची साथ सोडली नाही. ज्याने आपल्याला दार उघडून दिले, त्याच्याशी कृतज्ञ राहणे हा सद्गुण आहे. परंतु कृतज्ञतेपोटी अन्यायापुढे गप्प राहणे हा सद्गुण ठरत नाही, आणि ह्या कसोटीवर त्या उणे पडल्या असे आम्हाला वाटते.

अखेरची वर्षे

१९४७ साली रिपब्लिकन पक्षाचे बहुमत झाले आणि श्रम समितीचे प्रमुखपद फ्रेड हार्टली ह्यांच्याकडे गेले. नॉर्टन प्रमुख असताना हार्टली बैठकांना क्वचितच येत असत. त्यांच्या हाताखाली काम करणे मान्य नसल्याने नॉर्टन ह्यांनी समितीचा राजीनामा दिला. त्याच वर्षी कामगार संघटनांवर निर्बंध घालणारा, हार्टली ह्यांचे नाव असलेला कायदा झाला. १९४९ मध्ये पक्षाचे बहुमत परत येताच त्यांच्याकडे सभागृहाच्या प्रशासन समितीचे प्रमुखपद आले. प्रकृती साथ देईनाशी झाली तेव्हा १९५० च्या निवडणुकीला उभे न राहण्याचे त्यांनी ठरविले. त्यानंतर त्यांनी काही काळ श्रम खात्याच्या सल्लागार म्हणून काम केले.

त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र प्रकाशित झाले नाही, त्याचे हस्तलिखित रटगर्स विद्यापीठात जतन केलेले आहे. अखेरच्या काळात त्या कनेक्टिकट राज्यातील ग्रीनिच येथे राहत होत्या. तेथेच २ ऑगस्ट १९५९ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांनी ह्या जगाचा निरोप घेतला. जर्सी सिटीतील होली नेम दफनभूमीत त्या चिरविश्रांती घेत आहेत.

प्रापंचिकांनी राजकारणापासून दूर राहावे, ते क्षेत्र मलिन आहे, असे आपल्यातील अनेकांना वाटते. ते मलिन असते, हे नॉर्टन ह्यांच्या जीवनातूनही दिसून येते, आणि त्याचा स्पर्श त्यांनाही झाला. परंतु त्या दूर राहिल्या असत्या, तर पाळणाघरातील लेकरांचे गाऱ्हाणे सभागृहापर्यंत कोणी पोहोचविले असते? समितीच्या कंटाळवाण्या बैठका, एकेक सही मिळविण्यासाठी घातलेल्या खेपा, पराभवानंतर पुन्हा लिहिलेला मसुदा, ह्यांतूनच शेजाऱ्यावरील प्रीती कधी कधी आकाराला येते. ह्या भगिनीच्या आत्म्यास परमेश्वर चिरशांती देवो, आणि तिच्या कार्यात जे अपुरे राहिले ते पूर्ण करण्याची इच्छा आपणा सर्वांना देवो, अशी प्रार्थना आम्ही करतो.